सकाळचं कॉलेज, रात्रीची शाळा आणि सतरा नंबरचा फॉर्म

आम्ही पुणतांब्याहून बोलतोय. बचत गटांचं समन्वयाचं काम करतो, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणा म्हणून नाही. आज जे सांगणार आहोत ते एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही, गटाच्या बैठकीत निघालेल्या एका प्रश्नातून आलेलं आहे.

झालं असं, की आमच्या एका गटात एक ताई आहेत. अकरा वर्षं गटाची वही त्याच लिहितात. कुणी किती कर्ज घेतलं, शेकडा दोननं तीन महिन्यांचं व्याज किती, कुणाचा हप्ता थकला, सगळं तोंडावर. बँकेतले साहेबसुद्धा एकदा वही बघून म्हणाले होते, की हिशेब कुणी सीएनं लिहिलाय का. गावपातळीवरचं एक मानधनाचं काम निघालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांचंच नाव सुचवलं. अर्ज बघितला तर पहिलीच अट दहावी पास. ताईंची शाळा आठवीत सुटलेली. लग्न झालं, मग कुठली शाळा? त्या एवढंच बोलल्या, "वही मी लिहिते, पण मी लिहिते याचा कागद माझ्याकडं नाही."

आम्ही म्हटलं, मग दहावी द्या. तर बैठकीतल्या एक म्हाताऱ्या मावशी हसल्या. "अगं, लेकराबाळांची आई शाळेत बसलेली कुठं बघितलीय का कुणी?"

मावशींना त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचायला लागलो, विचारायला लागलो, आणि उत्तर सापडत गेलं. तेच आज सांगतो.

सुरुवात गावातूनच करू. गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे, आपण लहानपणापासून तिथं नारळ फोडतो. परंपरेतली गोष्ट अशी, की चांगदेव मोठे योगी, वयानं केवढे तरी थोर. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, तर मायना काय लिहावा तेच सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद द्यावा, की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार करावा? शेवटी कोराच कागद पाठवला. आणि पुढं त्यांनी गुरू केलं ते मुक्ताबाईला, त्या भावंडांतल्या सगळ्यात धाकट्या पोरीला. म्हातारा शिष्य आणि पोरसवदा गुरू. ज्या गावानं ही समाधी सातशे वर्षं सांभाळली, त्या गावात 'आता या वयात काय शिकायचं' असं म्हणणं शोभतं का, असं आम्ही मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो योगी होता बाई, त्याला सैपाक नव्हता करायचा." बरोबर आहे. म्हणून आता सैपाक करणाऱ्या बायांचं सांगतो.

आपल्या स्टेशनवरून दौंडकडं जाणारी गाडी धरली की नगर लागतं. त्या नगरात १८३९ साली सिंथिया फरार नावाची एक अमेरिकन मिशनरी बाई राहायला आली. लग्न केलेलं नव्हतं, आधी मुंबईत मुलींच्या शाळा चालवलेल्या. नगरात तिनं मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि १८६२ साली वारली तीही नगरातच. तिची शाळा बघायला पुण्याहून जोतिराव फुले आले होते. त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे तेव्हा नगरला नोकरीला होते, त्यांच्यामुळं हे घडलं. ती शाळा बघून जोतिरावांच्या मनानं घेतलं, की हे पुण्यात झालं पाहिजे. आणि १८४८ साली ते झालं.

पण आम्हाला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. सावित्रीबाई. १८३१ सालचा जन्म, १८४० साली लग्न. म्हणजे सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. अक्षर शिकल्या त्या लग्नानंतर, घरकाम आणि शेतकाम करता करता. आणि नुसतं वाचायला येतंय यावर थांबल्या नाहीत. शिकवायचं कसं हे शिकण्यासाठी नगरला फरारबाईंच्या संस्थेत, आणि पुण्यात मिचेलबाईंच्या अध्यापक शाळेत त्यांनी शिक्षण घेतलं. फोटोला हार आपण दर तीन जानेवारीला घालतो. ती फोटोतली बाई लग्न झाल्यावर शिकलेली विद्यार्थिनी होती आणि तिनं शिकवण्याचं रीतसर शिक्षण आपल्या जिल्ह्यात घेतलं, हे मात्र आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आम्हालाही बीए होईस्तोवर माहीत नव्हतं.

पुढं १८५५ साली या दोघांनी दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. शेतकरी, मजूर, बाया आणि गडी. तेव्हा त्यांनी असं म्हटलं नाही, की शाळा दिवसा आहे, ज्याला गरज असेल तो येईल. ज्याला दिवसा वावरात जायचंय त्याच्यासाठी शाळेची वेळ त्यांनी बदलली. बायांनो, हे एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं प्रत्येक गोष्टीत हेच येणार आहे. आपल्यासारख्यांना डोकं कमी होतं असं कधीच नव्हतं. शाळेची वेळ, शाळेचा उंबरा आणि शाळेचा कागद, हे तिन्ही दुसऱ्या कुणासाठी मापून केलेले होते. ज्या ज्या वेळी कुणी ते माप बदललं, त्या त्या वेळी आपल्या बाया आत गेल्या.

पुण्यात पुढं मोठ्या बायांच्या शिक्षणाचं बरंच काम झालं. रमाबाई रानडे यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं, शिकल्या त्या नवऱ्याकडं, घरातल्या बायकांचे टोमणे खात. त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवा आणि संसारी बायका तिथं शिकून शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. हातात काम देणारा कागद मिळाला. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमातल्या पार्वतीबाई आठवले तर विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. पंचविशी उलटल्यावर शिकायला बसल्या. पुढं आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या आणि १९१८ साली थेट अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी कामं करून पोट भरलं आणि चाळिशीनंतर इंग्रजी शिकल्या. लोकांच्या घरी भांडी घासत इंग्रजी! आम्हाला ही बाई फार आवडते.

पण खरं ते सांगितलं पाहिजे. या संस्थांत सुरुवातीच्या काळात शिकल्या त्या बहुतेक वरच्या जातीतल्या बायका. दुःख त्यांचंही खरं होतं, विधवेचं जिणं काही सोपं नव्हतं. तरी महारवाड्यातली, मांगवाड्यातली, आदिवासी पाड्यावरची बाई त्या दारापर्यंत पोचली नव्हती. कष्टकऱ्यांनी भरलेल्या करातून शिक्षण मात्र वरच्यांचं होतं, हे जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतरही कितीतरी वर्षं तेच चालू राहिलं.

तेव्हा आता नागपूरच्या जाईबाई चौधरींचं ऐका. महार समाजातल्या. डोक्यावर ओझी वाहायची हमाली करायच्या. एका मिशनरी सिस्टरनं ही ओझं वाहणारी पोर बघितली आणि तिला वाचायला शिकवलं, मिशनच्या शाळेत शिकवायचं काम दिलं. पण महार बाई मास्तरीण आहे हे कळल्यावर लोकांनी आपली मुलं काढून घेतली आणि ते काम गेलं. जाईबाई परत हमालीला गेल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी १९२२ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. त्यांची हकीगत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात लिहून ठेवली, नाहीतर तीही आपल्यापर्यंत आली नसती. हे पुस्तक गटाच्या पैशातून घेण्यासारखं आहे.

मग आले बाबासाहेब. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. सिद्धार्थ कॉलेज सकाळचं ठेवलं. का? तर ज्याला दिवसा नोकरी करून घर चालवायचंय त्याला सकाळी शिकून कामावर जाता यावं. जोतिरावांनी शाळा रात्रीवर नेली, बाबासाहेबांनी कॉलेज सकाळवर आणलं. नव्वद वर्षांचं अंतर, पण विचार एकच. पुढं १९५० साली औरंगाबादेत मिलिंद कॉलेज निघालं, ते तर आपल्याला नदीपलीकडचं. तिथं वसतिगृहांची सोय केली, कारण खेड्यातल्या पोराला शहरात खोली कोण देणार होतं? आज आपल्या भागातल्या किती घरांत पहिला पदवीधर मिलिंदचा आहे, ते आपापल्या गावात विचारून बघा.

इथं जरा लांबची एक गोष्ट सांगतो, पण ती जोतिरावांच्याच वाटेनं जाते. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या, काळ्या माणसांची गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. गुलामी कायद्यानं गेली, पण तिथंही पुढं शंभर वर्षं काळ्या माणसाला शाळेपासून आणि मतपेटीपासून लांब ठेवलं. दक्षिणेकडच्या राज्यांत मतदार यादीत नाव घालायचं तर आधी वाचून दाखवायची परीक्षा. मग १९५७ च्या जानेवारीत जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर एक वर्ग सुरू झाला. शिकवणारी कोण? बर्निस रॉबिन्सन, पार्लरचं आणि शिवणाचं काम करणारी बाई. पुढच्या बाजूला सहकारी किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. पहिल्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं नाही. तुम्हाला काय शिकायचंय, असं विचारलं. कुणी म्हणालं सही, कुणी म्हणालं मनिऑर्डरचा फॉर्म भरायला शिकव. तिथून सुरुवात केली. आजही त्या देशात कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची कॉलेजं असतात, संध्याकाळचेही वर्ग चालतात, आणि काळ्या, गरीब घरांतले मोठ्या वयाचे कितीतरी जण तिथंच शिकतात. त्यांचं शिक्षण मध्ये सुटतं तेही आपल्याच कारणांनी. पाळी बदलली, लेकरू सांभाळायला कुणी नाही, फीचे पैसे दुसरीकडं खर्च झाले.

परत महाराष्ट्रात येऊ. अनुताई वाघ हे नाव अंगणवाडीताईंना माहीत असेल, कारण बालवाडीचं काम आपल्याकडं रुजवणाऱ्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई पुढं. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झाल्या. शिक्षिकेची नोकरी करत त्या पुण्यात रात्रशाळेत शिकल्या आणि १९३७ साली मॅट्रिक झाल्या. नंतर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी, कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी आयुष्य घातलं. आणि पदवी कधी घेतली? १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी. काम तर त्या पदवीशिवायही करतच होत्या. तरी घेतली. हे ऐकल्यावर आमच्या वहीवाल्या ताई पहिल्यांदा काही न बोलता विचारात पडल्या. त्यांचं वय आज एकोणचाळीस.

दुसरं नाव दुर्गाबाई देशमुखांचं. मूळच्या आंध्रातल्या, नंतर चिंतामणराव देशमुखांशी लग्न करून आपल्या सूनबाई झालेल्या. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेल्या, शाळा राहिलेली. बाहेर आल्यावर बाहेरून मॅट्रिकला बसल्या, मग बीए, एमए, मग वकिली. आपण बसलो तशा आणखी बायांना बसवू म्हणून मद्रासला वर्ग सुरू केले. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. आणि १९५८ पासून मंडळानं मोठ्या बायांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या बाईला थोडक्या काळात तयार करून परीक्षेला बसवायचं, म्हणजे ती शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका होऊ शकेल. बाईला साक्षर केलं आणि सोडून दिलं, असं नाही. परीक्षेपर्यंत न्यायचं. आम्हाला वाटतं, दुर्गाबाईंना हे सुचलं कारण त्या स्वतः त्या बाकावर बसलेल्या होत्या.

कारण नुसतं साक्षर करून काय होतं तेही आपण पाहिलंय. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग सगळ्या महाराष्ट्रात पसरली. गावकरी स्वतः शिकवायचे, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. फार चांगली मोहीम. नंतर १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. कंदिलाच्या उजेडात आपल्या आया, सासवा पाटी घेऊन बसल्या. आमच्या सासूबाई त्यांतल्याच. सही शिकल्या, बसची पाटी वाचायला लागल्या. पुढं वर्ग बंद झाला, हातात पुस्तक राहिलं नाही, आणि आता अंगठ्यावर परत आल्या आहेत. त्यात त्यांची चूक नाही. जिना बांधला तो एकाच पायरीचा. पहिली चढली, दुसरी नव्हतीच.

पुढच्या पायऱ्या आल्या त्या १९८९ साली. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले हे पहिले कुलगुरू. घरी पुस्तकं, आठवड्याला एखादा संपर्कवर्ग, मराठीतून परीक्षा. बारावी नसेल तर पूर्वतयारीची परीक्षा देऊन बीएला जायची वाट त्यांनी ठेवली. सैन्यातले जवान, पोलीस, गृहिणी, शेतकरी तिथं शिकले. आमचं बीए तिथलंच आहे. धाकटं लेकरू मांडीवर आणि पुस्तक गुडघ्यावर, असं केलं. परीक्षेच्या आदल्या रात्री पाणी भरायला तीनला उठलो आणि झोपलोच नाही, ते अजून आठवतं.

मग ताईंना सरळ पूर्वतयारीला का बसवलं नाही, असं कुणी विचारेल. कारण जाहिरातीत दहावी-बारावी मागतात आणि पदवी दाखवली तरी खालचा कागद विचारणारे भेटतात. आता तर अंगणवाडीच्या मदतनीसासाठीसुद्धा बारावी लागते. म्हणून आम्ही ठरवलं, पायरी सोडायची नाही. बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, म्हणजे बाहेरून दहावी. त्याला वरची वयाची अट नाही. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आधार, फोटो. मूळ दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. फॉर्मला दरवर्षी ठराविक मुदत असते, ती पावसाळ्यात डोळ्यात तेल घालून बघा, गेली की वर्ष गेलं.

दाखल्यानं आम्हाला रडवलं. ताईंच्या माहेरच्या शाळेत तीनदा हेलपाटे घातले. पहिल्यांदा म्हणाले साहेब रजेवर आहेत. दुसऱ्यांदा म्हणाले जुनं रजिस्टर सापडत नाही. तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, "बाई, आता नातवंडं खेळवायच्या वयात दाखला कशाला?" ताईंची थोरली पोरगी अजून अकरावीला आहे, नातवंडं कुठली! आम्ही चौघी तिथंच व्हरांड्यात बसलो, डबे सोडले, जेवलो. चारच्या सुमाराला रजिस्टर सापडलं.

गेल्या वर्षी आमच्या गटातून तिघींनी फॉर्म भरला. पुस्तकं पोरांची जुनी. अभ्यास रात्री आठ ते दहा, समाजमंदिरात. गणित आम्ही व्याजावरून शिकवायला घेतलं, तर ताईच आम्हाला शिकवायला लागल्या. बीजगणित आलं तेव्हा मात्र सगळ्याच गप्प झालो, मग एका निवृत्त गुरुजींना हात जोडले. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे उसाची तोड संपत आलेली आणि कांदा काढणीला आलेला. घरची माणसं म्हणतात कांदा थांबतो का? बोर्डही थांबत नाही. एकीच्या सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तिचे पेपर राहिले. तिला आम्ही काही बोललो नाही, फक्त पुस्तकं तिच्याकडंच ठेव म्हटलं.

पहिल्या पेपरला वर्गात हजेरी घेताना बाईंनी नाव पुकारलं, तर ताई गप्पच. दोनदा पुकारलं. हॉलतिकिटावर दाखल्यावरचं नाव, म्हणजे माहेरचं. बावीस वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. तिसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं, की ही मीच.

निकाल लागला. आमच्यातली एक पास झाली, बावन्न टक्के. ताई सगळ्या विषयांत पास, एका इंग्रजीत गेल्या. नऊ मार्कांनी. गणितात मात्र एकसष्ट. त्या दिवशी त्या वही घेऊन बैठकीला आल्या नाहीत, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी मावशीच, तीच हसलेली मावशी, त्यांच्या घरी जाऊन बसली आणि म्हणाली, "योगी एका दिवसात झाला का?"

जुलैत पुरवणी परीक्षा आहे. इंग्रजीचा पेपर ज्या दिवशी आहे तो आपल्या गटाच्या बैठकीचा वार. बैठक आम्ही संध्याकाळी सातला ठेवलीय. वही तोपर्यंत मावशींच्या सुनेकडं राहील, आणि ती सून यंदा सतरा नंबर भरतेय. तुमच्या गावात कुणाला भरायचा असेल आणि दाखला मिळत नसेल, तर आम्हाला सांगा. डबे घेऊन येऊ.